'ओल्ड' म्हणजे नक्की किती जुनं?

इंग्रजीत काल जन्मलेलं मूलही 'ओल्ड' असतं. 'द बेबी इज वन डे ओल्ड.' आपण 'एक दिवसाचं बाळ' म्हणून मोकळे होतो. इंग्रजी मात्र त्या चिमुरड्याला पहिल्याच दिवशी जे विशेषण लावते, तेच पुढे त्याच्या पणजीलाही लावते. शाळेत हे वाक्य शिकताना कुणाला काही खटकल्याचं मला आठवत नाही. 'हाऊ ओल्ड आर यू?' असं दहा वर्षांच्या मुलाला विचारलं जायचं आणि त्यानेही बिनतक्रार 'आय अॅम टेन इयर्स ओल्ड' म्हणायचं.

या शब्दाचं मूळ पाहिलं की तो तसा का वागतो ते थोडं उमगतं. भाषाशास्त्रज्ञ ते 'अल्' या प्राचीन इंडो-युरोपीय धातूपर्यंत नेतात. अर्थ पोसणं, वाढवणं. त्याच धातूवरून लॅटिनमधून इंग्रजीत 'अॅडल्ट', 'अॅडोलेसंट' आणि 'अॅलम्नस' हे शब्द आले, अनुक्रमे प्रौढ, किशोरवयीन आणि माजी विद्यार्थी या अर्थांचे. म्हणजे 'ओल्ड' हा मुळात थकलेला, झिजलेला, सुरकुतलेला नव्हताच. तो होता पोसून वाढलेला. एका दिवसाचं बाळ एका दिवसापुरतं पोसलेलं असतं, एवढंच ते वाक्य सांगतं. म्हातारपणाची छटा शब्दावर नंतर चढत गेली आणि वय सांगण्याच्या या रचनेत तेवढा जुना अर्थ शाबूत राहिला.

मी भाषांतराची कामं करते. लोकांना वाटतं की अवघड, लांबलचक शब्द आले की भाषांतरकाराची दमछाक होते. तसं काही नसतं. 'फोटोसिंथेसिस' आलं की 'प्रकाशसंश्लेषण' लिहायचं आणि पुढे जायचं. अडवतात ते तीन-चार अक्षरांचे शब्द, आणि त्यांत 'ओल्ड' वरच्या रांगेत आहे. तो कुठे म्हातारा, कुठे जुना, कुठे वृद्ध, कुठे प्राचीन, कुठे माजी, आणि कुठे तर काहीच नाही, नुसता जिव्हाळा. 'माय ओल्ड टीचर' हे दोन अर्थांचं वाक्य समोर आलं की मी मागची चार पानं उलटून पाहते. हे शिक्षक म्हातारे आहेत, की आधीच्या शाळेतले? आधीच्या शाळेतले असतील तर ते पस्तिशीचेही असू शकतात. शब्द क्रियापदाच्या पलीकडे नेला की मात्र गोंधळ संपतो. 'माय टीचर इज ओल्ड' म्हटलं की फक्त वयच उरतं. मित्राचंही तसंच. 'अॅन ओल्ड फ्रेंड' विशीतला असू शकतो, मैत्री जुनी असली की झालं. 'अॅन एल्डरली फ्रेंड' कधीच विशीतला असणार नाही.

माझी भाची इंग्रजी निबंध लिहीत होती तेव्हा हा विषय घरात आला. तिचा नियम पक्का होता: "मावशी, एकच शब्द परत परत आला की मार्क कापतात." त्यामुळे तिने प्रत्येक 'ओल्ड'वर राइट-क्लिक करून संगणकाने दाखवलेल्या समानार्थी शब्दांच्या यादीतून नवा शब्द उचलला होता. घर 'एल्डरली' झालं होतं, झाड 'सीनियर', आणि आजोबा थेट 'अँटिक'.

"पण सगळ्यांचा अर्थ जुना असाच दिलाय ना?" ती म्हणाली.

दिला होता, हे खरं. आणि चूक तिची नव्हती, तिला शिकवलेल्या नियमाची होती. पुनरुक्ती टाळण्याच्या या सोसाला इंग्रजी लेखनशैलीवर लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी १९०६ साली 'एलिगंट व्हेरिएशन', म्हणजे 'डौलदार फेरफार', असं खोचक नाव दिलं. शब्द पुन्हा आला तर बिघडत नाही, तो टाळण्यासाठी आणलेला उपरा शब्द जास्त बोचतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. ज्या वाक्यात 'ओल्ड' तीनदा येतो, तिथे बहुतेक वेळा शब्द बदलण्यापेक्षा दोन 'ओल्ड' सरळ काढून टाकणं बरं.

आता ही राइट-क्लिकची यादी ज्याच्या कामातून उगवली, त्या पीटर मार्क रॉजेटचं म्हणणं काय होतं? हा गृहस्थ पेशाने डॉक्टर, जन्म १७७९चा. लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेचा तो वीसेक वर्षं सचिव होता. शब्दांचं वर्गीकरण त्याने १८०५ साली स्वतःच्या वापरासाठी करून ठेवलं होतं. ते वाढवून 'थिसॉरस', म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, म्हणून छापलं १८५२ मध्ये, तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. पुढे ९०व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत तो त्यात भर घालत राहिला. त्याच्या पुस्तकात शब्द वर्णानुक्रमे नाहीत, कल्पनांच्या क्रमाने आहेत, आणि विरुद्ध कल्पना शेजारी शेजारी. 'न्यूनेस'ला लागून 'ओल्डनेस', 'यूथ'ला लागून 'एज'. माझ्या दृष्टीने यातली खरी मेख अशी की 'ओल्डनेस' आणि 'एज' ही त्याने दोन वेगळी घरं केली. वस्तूंचं जुनेपण एका घरात, माणसांचं वय दुसऱ्या घरात. 'ओल्ड' या शब्दाने जे एकत्र बांधून ठेवलंय ते त्याने सोडवलं. आपल्याकडे जुना आणि म्हातारा हे मुळातच वेगळे, त्यामुळे मराठी माणसाला ही उठाठेव करावीच लागत नाही. रॉजेटने शब्द एकमेकांच्या शेजारी बसवले होते ते माणसाने त्यातून निवड करावी म्हणून. संगणकाने घरं मोडली, शेजार मोडला आणि उरलेली यादी बोटाखाली आणून ठेवली.

भाचीला मी एक सोपी युक्ती सांगितली. समानार्थी शब्दांतला फरक कळत नसेल तर प्रत्येकाचा विरुद्धार्थी शब्द शोधायचा. 'ओल्ड'चे विरुद्ध शब्द दोन, 'यंग' आणि 'न्यू'. 'एन्शंट'चा 'मॉडर्न'. 'ऑब्सोलीट'चा विरुद्ध 'यंग' होत नाही, तिथे 'चालू वापरातलं' असं काहीतरी लागतं. 'स्टेल'चा 'फ्रेश'. 'एल्डरली'चा विरुद्ध शोधायला गेलं तर सरळ मिळतच नाही, आणि न मिळणं हीसुद्धा माहितीच. तो शब्द वर्णन करायला कमी आणि सांभाळून बोलायला जास्त वापरला जातो.

यांतल्या 'स्टेल'ची कथा मला फार आवडते. आज त्याचा अर्थ शिळा. पाव शिळा, हवा कोंदट, विनोद शंभरदा ऐकलेला, सगळ्याला 'स्टेल'. पण १३०० सालच्या आसपास हा शब्द बिअर आणि वाइनला लागायचा आणि ती स्तुती असायची. पुरेसा वेळ स्थिर ठेवून गाळ तळाशी बसलेली, नितळ झालेली ती 'स्टेल'. ताजी बिअर गढूळ, उभी राहिलेली चांगली. सोळाव्या शतकात अर्थ फिरला. वेळ गेल्याने वस्तू सुधारते की बिघडते, याबद्दलचं मत बदललं आणि शब्दाने कूस बदलली.

उलट दिशेचा प्रवास 'विंटेज'चा. त्यात मुळात जुनेपणा नाहीच. तो द्राक्षांच्या तोडणीचा शब्द आहे. वाइन कुठल्या वर्षीच्या तोडणीची, एवढंच तो सांगतो, आणि म्हणूनच अगदी अलीकडच्या वर्षाचंही 'विंटेज' असू शकतं. चांगल्या वर्षाच्या वाइन लोक जपून ठेवत, त्या जपण्यातून शब्दाला जुनेपणाची आणि किमतीची झाक आली. आता कपड्यांच्या धंद्यात वीसेक वर्षं लोटली की सदरा 'विंटेज' होतो. तोच सदरा विकायचा नसेल, नुसता कपाटात पडलेला असेल, तर तो 'ओल्ड शर्ट'.

जिथे पैसा किंवा हक्क गुंततो, तिथे इंग्रजी हे शब्द मोघम ठेवत नाही, त्यांना कुंपण घालते. ब्रिटनमधल्या जुन्या मोटारींची दुनिया यासाठी पाहण्यासारखी आहे. लंडन ते ब्रायटन अशी जी प्रसिद्ध 'व्हेटरन' मोटारींची फेरी निघते, तिच्यात १९०५च्या आधी बनलेल्या गाड्याच घेतात. १९०५ ते १९१८ या काळातल्या गाड्या 'एडवर्डियन'. १९१९ ते १९३० मधल्या 'विंटेज'. म्हणजे १९३१ची मोटार कितीही झिजलेली, कितीही देखणी असो, त्या जाणकारांसमोर तिला 'विंटेज' म्हणालात तर ते नम्रपणे तुमची चूक दुरुस्त करतील. शब्दकोशातले समानार्थी शब्द इथे एकमेकांच्या हद्दीत पाऊल टाकत नाहीत.

'अँटिक'चंही तसंच. अमेरिकेच्या १९३०च्या जकात कायद्यात १८३०पूर्वीची वस्तू ती अँटिक, असा निकष होता. पुढे ठरावीक साल जाऊन शंभर वर्षांचा नियम आला आणि व्यापारीही साधारण तोच दंडक मानतात. नव्याण्णव वर्षांची खुर्ची या नियमात बसत नाही, पुढच्या वर्षी बसते. याच शब्दाचं एक वात्रट भावंडही आहे, 'अँटिक्स', म्हणजे माकडचेष्टा. दोन्ही लॅटिनमधल्या 'प्राचीन' अशा अर्थाच्या एकाच शब्दावरून आले. रोमच्या जमिनीखाली सापडलेल्या प्राचीन भिंतीचित्रांत अर्धी माणसं, अर्धे प्राणी, वेलींत गुंतलेली तोंडं अशा विचित्र आकृत्या होत्या. इटालियन लोक त्या शैलीला 'प्राचीन' म्हणायचे, आणि इंग्रजीत ते विशेषण विचित्रपणाचं नाव होऊन बसलं. त्यामुळे आजोबांना अँटिक म्हणण्यात भाचीने नकळत त्यांच्या स्वभावाचं वर्णन बरंच अचूक केलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

कुंपणांत सगळ्यांत मजेदार कुंपण 'एन्शंट'चं. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे पिरॅमिड येतात, ग्रीक देवळं येतात. इंग्लंडच्या कायद्यात मात्र 'एन्शंट' व्हायला वीस वर्षं पुरतात. एखाद्या खिडकीतून वीस वर्षं अखंड उजेड आत येत असेल, तर तो उजेड मिळण्याचा हक्क घराला लागतो आणि शेजाऱ्याला तो अडवणारी भिंत उभारता येत नाही. १८३२च्या 'प्रिस्क्रिप्शन अॅक्ट'ने ही मुदत ठरवली. त्या हक्काचं नाव 'एन्शंट लाइट्स'. लंडनमध्ये काही जुन्या इमारतींवर खिडक्यांखाली या दोन शब्दांची पाटी असते. नवख्या माणसाला वाटावं, इथे काही पुरातन दिवे आहेत की काय. पाटी फक्त शेजाऱ्याला बजावत असते. तेच 'एन्शंट' जंगलाला लावायचं तर इंग्लंडमध्ये ते किमान १६०० सालापासून तिथे असावं लागतं. आणि 'टाइम इमेमोरियल', म्हणजे माणसाच्या आठवणीपलीकडचा काळ? त्यालाही तारीख आहे. १२७५च्या कायद्याने ती सीमा पहिल्या रिचर्ड राजाच्या राज्यारंभाशी, म्हणजे ११८९ला नेऊन बांधली. आठवणीपलीकडचं नेमकं साल कायद्यात लिहून ठेवणाऱ्या लोकांबद्दल मला आदरच वाटतो.

शब्दकोशकारांची स्वतःची कुंपणंही आहेत. त्यांच्या लेखी 'आर्केइक' शब्द वापरातून गेलेला, पण मुद्दाम जुना रंग आणायचा तर चालणारा. 'ऑब्सोलीट' शब्द गेलाच. ऑक्सफर्डचा मोठा कोश अशा शब्दापुढे कट्यारीची खूण करतो. यंत्राला 'ऑब्सोलीट' म्हणताना ते मोडलंय असं कुणी म्हणत नसतं, ते चालत असतं. फक्त त्याच्या मागे उभं राहणारं कुणी उरलेलं नसतं, सुटे भाग बनवणारं, दुरुस्त करणारं. म्हणून माणसाला हा शब्द लावला की इतका लागतो.

माणसांकडे वळलं की हे सगळंच नाजूक होतं. इथे कुंपण वर्षांचं नसतं, बोलणारा कुठे उभा आहे त्यावर असतं. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९४८ साली बीबीसी रेडिओच्या एका कार्यक्रमात गंमत म्हणून एक विशेषण चालवून दाखवलं होतं, क्रियापद चालवावं तसं: मी ठाम आहे, तुम्ही हट्टी आहात, तो हेकट मूर्ख आहे. 'ओल्ड'चंही चालवता येतं. मी अनुभवी, तुम्ही ज्येष्ठ, तो थेरडा. तिघांचा जन्म एकाच वर्षीचा असू शकतो.

इंग्रजीने यावर एक अजब तोडगा काढलाय आणि त्याकडे फारसं कुणी पाहत नाही. व्याकरण सांगतं, 'ओल्ड'पेक्षा 'ओल्डर' जास्त. व्यवहारात 'अॅन ओल्डर वुमन' ही 'अॅन ओल्ड वुमन'पेक्षा तरुण असते! तुलनेचं, म्हणजे 'तर'वाचक रूप आलं की वय वाढायच्या ऐवजी कमी होतं. कारण 'ओल्डर' म्हटलं की मनात लगेच 'कुणापेक्षा?' येतं, उत्तर मोकळं राहतं, आणि त्या मोकळ्या जागेत माणसाला जरा श्वास घेता येतो. 'ओल्ड' हा निकाल असतो. 'ओल्डर' ही तुलना. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या समितीपुढे १९९५ साली 'द एज्ड', 'द एल्डरली', 'थर्ड एज' असे कितीतरी पर्याय होते. समितीने निवडला तो 'ओल्डर पर्सन्स'. वयावरून होणाऱ्या भेदभावाला रॉबर्ट बटलर या डॉक्टरने १९६९मध्ये 'एजिझम' हे नाव दिलं, त्यानंतर शब्दांची ही छाननी वाढतच गेली.

'एल्डर' आणि 'ओल्डर' यांतही भिंत आहे. 'एल्डर सिस्टर' चालते, पण 'एल्डर दॅन मी' नाही. घरातल्या नात्याचा, मानाचा शब्द तो, थेट तुलनेला उभा राहत नाही.

असे सौम्य शब्द सतत बदलत राहण्याच्या चक्राला भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर 'युफेमिझम ट्रेडमिल' म्हणतो. बोचणाऱ्या शब्दाच्या जागी सौम्य शब्द आणायचा, काही वर्षांत त्याच्यावरही जुनी छाया पडते, मग आणखी नवा. 'एज्ड' गेला, 'एल्डरली' आला. तोही खटकू लागला आणि 'सीनियर सिटिझन' आला. आता बऱ्याच संपादकांना तोही नको, त्यांना 'ओल्डर अॅडल्ट्स' हवेत. हा खेळ फक्त इंग्रजीचा आहे असं समजून मी काही दिवस त्यावर मिश्किल हसत होते. मग एकदा कोशात 'म्हातारा' पाहिला. व्युत्पत्ती: संस्कृत 'महत्तर'. अधिक मोठा, अधिक थोर. तोच 'तर' प्रत्यय, तीच तुलना, तोच मान देण्याचा मार्ग! आपल्या पूर्वजांनी जे केलं तेच संयुक्त राष्ट्रांची समिती करत होती. आणि त्या थोर शब्दाचं आज काय झालंय ते पाहायचं तर कुणाला तोंडावर 'म्हातारा' म्हणून पाहावं.

'जुना'ची गोष्ट निराळी. तो 'जूर्ण'वरून आला, 'जरा' आणि 'जर्जर' यांच्या घराण्यातला, म्हणजे त्याच्या रक्तातच झीज आहे. ग्रीकमधला त्याचा नातलग 'जेरंटॉलॉजी'त, म्हणजे वार्धक्याच्या शास्त्राच्या नावात, बसलाय. लॅटिनमधला 'सेनेक्स', म्हणजे म्हातारा, आणि 'सनातन'मधला 'सन' हेही एकाच मुळाचे. त्या सेनेक्सची लेकरं पाहण्यासारखी आहेत: 'सेनेट', 'सीनियर', 'सिनाइल' आणि 'सर'. एका घरात राज्यसत्ता, मान, विस्मरण आणि शिष्टाचार असे चौघे नांदतात. विशीतली मुलं एकमेकांना ईमेलमध्ये 'डिअर सर' लिहितात तेव्हा ती नकळत एकमेकांना 'अहो वयोवृद्ध' म्हणत असतात.

आणि शेवटी तो 'ओल्ड', ज्यात वय जवळजवळ नसतंच. 'गुड ओल्ड', 'ओल्ड चॅप', 'एनी ओल्ड थिंग'. इथे शब्द ओळखीचा पुरावा देतो, बस. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर समुद्रात एक उंच, एकटा सुळका उभा आहे, 'ओल्ड मॅन ऑफ हॉय'. उंची १३७ मीटर. नाव ऐकून वाटतं, युगानुयुगांचा साक्षीदार असणार. पण १७५०च्या सुमाराच्या नकाशात तिथे सुळका नाही, सलग जमिनीचं टोक आहे. लाटांनी तो त्यानंतर कधीतरी कोरून वेगळा केला. भूगर्भाच्या हिशेबात तो तान्हा. उलट ऑक्सफर्डचं 'न्यू कॉलेज' स्थापन झालं १३७९ मध्ये.

असली वाक्यं भाषांतराला आली की मी नावाला हात लावत नाही. 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' तसाच देवनागरीत ठेवते. 'गुड ओल्ड'ला 'आपला' लिहून पाहते, 'आपला तो अमका', आणि दहातल्या आठ वेळा ते बसतं. कारण तिथे मराठीला जुनेपण नको असतं, आपलेपण हवं असतं. 'एल्डरली'ला 'वयस्कर', 'ओल्डर पर्सन्स'ला 'ज्येष्ठ व्यक्ती'. 'माय ओल्ड टीचर'ला मात्र अजूनही मागची चार पानं उलटावीच लागतात. भाचीच्या निबंधात शेवटी घर 'ओल्ड' राहिलं, झाडाला तिने विशेषणच लावलं नाही, त्याचा बुंधा किती जणांच्या कवेत मावतो ते लिहिलं. आजोबांपुढे 'सेव्हन्टी-नाइन' हा आकडा लिहिला. मार्क कापले की नाही, ते निकाल लागल्यावर कळेल.